रिठ्याच्या पाण्यातली मेमरी

१८ ऑक्टो. ९९, सोम. खंडेनवमी.
कारखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या लेथची मेमरीची पट्टी साफ करायला घरी आणलीय. टोकं काळी पडलीत, मशीन मधेच थांबतं. आईने मीटर, पक्कड, सोल्डरिंग गन यांच्याशेजारी तीही पाटावर मांडली. हळदकुंकू, झेंडू. म्हटलं असू दे, वर्षाचा सण.

१९, मंगळ. दसरा.
मेलो. सोनं वाटून घरी येतो तर आईने पट्टी धुतलेली. रिठ्याच्या पाण्यात, पितळी ब्रशने! चांदीकामाच्या हुपरीची ना ती, जन्मभर पैंजण असेच उजळले. "आरं, फटीत कुंकू बसलं हुतं, म्हणून घासलं की. बघ कशी लकाकतीया." लकाकतेय खरी. तिळाएवढा एक काळा तुकडा मात्र जागेवर नाही. पाणी मोरीत ओतलेलं. जाळी काढून गाळ उपसला हाताने. नाही मिळाला.
आईवर ओरडलो. गल्लीभर ऐकू गेलं असेल.

२०, बुध.
पट्टी वाळवून बसवली. मशीन नुसतं पीं पीं. मालकांना सगळं सांगितलं. "घरी न्यायची कुणाला इचारून? ह्या जातीची पट्टी बाजारात न्हाय, कंपनीवाला तीन म्हैनं म्हणतोय. सोमवारी मशीन चाललं तर ये, न्हायतर येऊ नगंस."
ही नोकरी गेली तर दुसरीकडे कोण उभं करणार मला. आई जेवली नाही. मीही नाही.

२१, गुरु.
आई सकाळच्या गाडीने हुपरीला, मामाकडे. मला न सांगता. किल्ली शेजारी.
गेलेला तुकडा म्हणजे एकात चार बारीक रेझिस्टर. शेजारच्या तसल्याच तुकड्यावर २२० छापलंय, मीटर दाखवतो २२. डोकं फिरलं. मग आठवलं, शेवटचा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं द्यायची ते. इथे एकही नाही. बावीस ओहम म्हणजे अडथळा असून नसल्यासारखा. मग सरळ तारच जोडली तर? चार तारा, केसाएवढ्या. जोडल्या.

२२, शुक्र.
चाललं! मालक हसले पण. चहा येईस्तोवर बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. स्क्रीनवर मेमरीचीच चूक. मालक चहा तसाच ठेवून आत गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३, शनि.
इलेक्ट्रॉनिक्सच्या कोर्सचं जुनं पुस्तक उपसलं. हा रेझिस्टर अडवायला नसतोच. सिग्नल जोरात सुटतो, टोकाला आपटून उलटा येतो, मग खरा कुठला आणि परतलेला कुठला, गोंधळ. हा मधे बसून त्याचा जोर जरा मारतो. एवढंच काम.
दसऱ्याला मी आईवर सुटलो तेव्हा मधे काहीच नव्हतं.
लक्ष्मीपुरीतल्या भंगारातून मेलेली पट्टी आणली, तिच्यावर २२०चा तुकडा आहे. पण तारा काढताना खालचं तांबं एका जागी उचकटलं. आता एकदाच जमलं तर जमलं. माझा चिमटा जाड, तुकडा धरवेना. रडलो, खरंच.

२४, रवि.
आई आली. पिशवीतून मामाचा चिमटा काढून पुढ्यात ठेवला, पैंजणाच्या कड्या धरायचा. माझ्या चिमट्यापेक्षा कितीतरी बारीक. "ह्यानं धर. आन् वरडू नगंस." तिने पट्टी दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरली, मी तुकडा बसवला. चारही ठिकाणी मीटर बावीस. उचकटलेलं तांबं मशीन तापल्यावर टिकेल का, देव जाणे.
चुकलो म्हणायचं होतं. तिच्यासाठी चहा केला.

२५, सोम.
पट्टी कापसात, डब्यात. निघताना आई दारात, हातात कुंकवाची कोयरी. मी वळलो तशी तिने ती पदराआड लपवली. डबा पिशवीत ठेवला, कपाळ पुढे केलं. "लाव." तिने लावलं.
स्टॉपवर लिहितोय. कारखान्याकडे जाणारी शिरोलीची बस आली