आईच्या कुसकुसाला ठेवलेली नावं

आदरणीय सादोकभाई यांस नाबलहून धाकट्या सलवाचा सलाम. आम्ही सगळे बरे. मार्सेलच्या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात ते कळवा. (वहिनींच्या तब्येतीचं विचारत नाही, त्या फोनवर स्वतःच सविस्तर सांगतात.)

आईचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण नीट पार पडलं, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. ते तितकंसं खरं नाही. रव्याचे दाणे वळून गच्चीवर वाळवलेल्या कुसकुसाच्या दोन बरण्या उरल्या होत्या. एक आईच्या हातची शेवटची, तुमच्यासाठी राखायला सांगितलेली. दुसरी माझ्या इशराकची. आजीशेजारी बसून पोरीने पहिल्यांदाच एकटीने रवा वळला होता. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने स्वतःच्या बरणीला निळं फडकं बांधलं होतं, नातीच्या बरणीला तांबडं. पाहुणे येणार म्हणून मी दोन्ही फडकी धुतली (मळकी फडकी आईला खपली असती का?) आणि परत बांधताना अदलाबदल केली. चाळिसाव्याला नातीचा म्हणून शिजला तो आईचा.

शाजलियामावशींनी पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "दाणा जाड पडलाय. पोरीच्या हाताला वळण नाही. माझ्या बहिणीची, मोंजियाची सर हिला कुठून यायची?" झालं, सगळ्या बायकांनी री ओढली. मीही मान डोलावली, भाई. इशराक ताटावरून उठून माडीवर गेली, ती तेव्हापासून परातीला शिवलेली नाही. आजीचं हे रवा वळणं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी बरणी उघडली, तर दाणा ओबडधोबड, मधे मधे गोळे. आईने असला कुसकुस कोंबड्यांनाही घातला नसता. चूक तिथेच कळली. आता करू काय? पोरीला खरं सांगावं तर ती मावशींना तोंडावर सुनावणार. आणि बहिणीच्या शेवटच्या कुसकुसाला आपण नावं ठेवली हे मावशींना कळलं, तर त्यांचंही चाळिसावं करायची वेळ यायची. आई असती तर दोघींना दोन शिव्या हासडून जेवायला बसवलं असतं. तिची फार आठवण येते.

तुमची,
सलवा

ता. क. खरं काम हे: तुम्ही या, आणि मावशींदेखत इशराकचा कुसकुस आईचा म्हणून खाऊन रडा, म्हणजे अदलाबदल कुणाला कळायची नाही. तुम्हाला रडू पटकन येतं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच मावशी आल्या. "परवाचा मोंजियाचाच होता ना?" मी गारच पडले. म्हटलं, ओळखलंत तर नावं का ठेवलीत? म्हणाल्या, "जन्मभर तिच्या कुसकुसाला नावंच ठेवली. त्या दिवशी चांगला म्हटलं असतं, तर ती गेली हे मानावं लागलं असतं. पोरीला लागलं, हे आज कळलं." मग दुखरा पाय ओढत आपणच माडी चढल्या. तेव्हा रडायचं राहू द्या, नुसते या. दोघी आता अंगणात परात घेऊन बसल्या आहेत. मावशी इशराकच्या दाण्याला नावं ठेवताहेत आणि इशराक मावशींच्या.