पायलीश्वर, ओलाई आणि बाबा

१० जुलै १९७९, आंधळगाव

आज चौथीच्या वर्गात एक देव जन्माला आला. छप्पर गळत होतं, फळ्यावर खडू उमटत नव्हता, पोरं म्हणाली, "बाई, देवाची गोष्ट सांगा." आता कोणत्या देवाची सांगू? अर्ध्या वर्गाच्या घरी देव्हारा भरलेला, अर्ध्या वर्गाच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि देव एकही नाही. आणि त्यांची बाई या दुसऱ्या अर्ध्यातली!

म्हणून कोणाचाच नसलेला देव काढला. नाव पायलीश्वर. पोट मोठं, हातात पायली, जगातलं सगळं मोजतो. धान मोजतो, पाऊस मोजतो, माणसांचं रडणंही पायलीनं मोजतो. एकदा शिंक आली आणि आकडा विसरला. तेव्हापासून पुन्हा एकपासून मोजतोय, म्हणून त्याला कोणाचं गाऱ्हाणं ऐकायला वेळ नाही.

पोरं इतकी हसली की हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. मी लगेच पाढे सुरू केले.

१३ जुलै

पोरं काही सोडत नाहीत. देव आहे तर त्याला देश पाहिजे, पुजारी पाहिजेत, भांडायला कोणी पाहिजे.

देशाचं नाव ठेवलं सातधार. पायलीश्वराचा पंथ मापाड्यांचा. कमरेला गाठी मारलेली दोरी, आणि बोलायचे शब्दसुद्धा मोजून, दिवसाला शंभर. दुपारीच शब्द संपले तर उरलेला दिवस खुणा करायच्या. वर्गात आज सगळे मापाडी झाले — तासभर शांतता! हा पंथ सरकारनं सगळ्या शाळांत सुरू करावा.

दुसरी देवी ओलाई. ओलाव्याची. तळ्याच्या तळाशी राहते. तिच्या जोगिणी केस कधी वाळवत नाहीत, ज्या घरात बसतील त्या घराच्या भिंतीला शेवाळ धरतं. तिचं आणि पायलीश्वराचं हाडवैर, कारण ओला धान जास्त भरतो. ती कोठारावरून नुसती चालत गेली तरी त्याचं माप चुकतं.

तिसरा पंथ उंबरकरांचा. त्यांचा देव दारात येऊन उभा राहतो. आत येत नाही, जातही नाही. त्याला नाव नाही, नुसतं 'आलेला' म्हणतात. उंबरकर जेवतात उंबरठ्यावर, लग्न लावतात उंबरठ्यावर, आणि घरात जायचं-यायचं असेल त्यांना खिडकीतून उड्या माराव्या लागतात.

हे सगळं एका दोनशे पानी वहीत उतरवून काढतेय. तपकिरी कव्हर घातलं, वर नाव काही नाही. इतकं बरं वाटतंय की त्याचीच भीती वाटते.

घरमालकीण कुंताबाईंना थोडं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "इतके देव तं माह्या देव्हाऱ्यात बी नाहीत, बाई. तुमच्यात चालते का हे?"

नाही चालत. तेच तर.

२२ जुलै, तुमसर

रविवार. घरी.

बाबा राईस मिलमध्ये काट्यावर आहेत, पोती तोलतात. आणि विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. वस्तीत सगळे त्यांना यादोराव म्हणतात; पूर्वेचा सूर्य पश्चिमेला उगवेल, पण यादोरावांचा शब्द खाली पडणार नाही. डोमाकाका त्यांचे लंगोटीयार. काकांनी एका वर्षी किराणा दुकानातून फुकट मिळालं म्हणून घरात लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले. त्याला बारा वर्षं झाली. दोघं एकाच मिलमध्ये, एकाच काट्यावर, आणि बोलणं फक्त पोत्यांचं — "चढव", "उतरव".

कॅलेंडरला बारा वर्षं. माझ्या वहीत आता देव आहेत अकरा!

मी घर सोडलं, नोकरी धरली, पगार हातात येतो, तरी बाबांनी माझ्यासमोरून असा कप ठेवून उठावं ही कल्पनासुद्धा सहन होत नाही. वही पिशवीच्या तळाशी, साडीत गुंडाळलेली.

सध्या वर्षावास. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. यंदा वाचायला शेजारच्या विमलाबाई बसतात. वय पन्नास, अक्षरओळख झाली मागच्या वर्षी, प्रौढांच्या वर्गात. छापलेलं बारीक अक्षर त्यांना लागत नाही, म्हणून पुढच्या आठवड्याचा भाग मी मोठ्या अक्षरात वहीत उतरवून देते. दर रविवारी हे माझं काम.

५ ऑगस्ट, तुमसर

विमलाबाईंची वही पूर्ण केली. आईजवळ ठेवली. सकाळची एसटी साडेपाचला.

६ ऑगस्ट, आंधळगाव

वही बदलली.

पिशवी उघडली, साडी उलगडली — आत विमलाबाईंची वही. दोन्ही दोनशे पानी, दोन्हींना तपकिरी कव्हर, दोन्हींवर नाव नाही. माझी घरी. म्हणजे आता विमलाबाईंच्या हातात. म्हणजे संध्याकाळी विहारात.

माझ्या वहीतही अक्षर मोठं! पोरांना मागच्या बाकावरून दिसावं म्हणून.

हेडमास्तरांकडे रजा मागितली. चाचणी परीक्षा आहे म्हणे. "कोणी आजारी आहे का?" विचारलं. काय सांगू?

७ ऑगस्ट

जेवण गेलं नाही. कुंताबाई म्हणतात, "वाघ थोडीच हाये बाप तुमचा." वाघ असता तर बरं होतं. वाघ अबोला धरत नाही.

८ ऑगस्ट

ठरवलं. विचारलं तर सांगायचं, पोरांच्या नाटकासाठी लिहिलं. मग वाटलं, खोटं कशाला बोलायचं? पायलीश्वर मला आवडतो. ओलाई तर फारच. यातलं खरं म्हणून मी काहीच मानत नाही, पण तळ्यावरून जाताना हल्ली मी खाली वाकून बघते. हे बाबांना कसं समजावणार?

१० ऑगस्ट

पोस्टकार्ड आलं. बाबांचं. रात्रशाळेत शिकलेलं, एकेक अक्षर विटेसारखं मांडलेलं.

"चि. सुशीला. वही बदलली. विमलाबाईनं दोन दिवस वाचलं. शनिवारी ये. यादोराव."

खाली 'तुझे बाबा' नाही. यादोराव. मस्टरवर सही केल्यासारखं.

११ ऑगस्ट, तुमसर

बाबा दुसऱ्या पाळीला. घरात आई एकटी. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं. आई पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. मी रडकुंडीला, आणि ही हसते.

तिनं सांगितलं ते असं. सोमवारी बाबा मिलमध्ये. विमलाबाईंनी वंदना झाल्यावर वही उघडली आणि वाचायला लागल्या — "सातधार नावाचे नगर होते. तेथे फार दुःख होते." (ही सुरुवात मी जरा भारदस्त केली होती. काय बुद्धी झाली!) सगळ्या बाया हात जोडून बसलेल्या. त्यांना वाटलं, ही बुद्धाच्या मागच्या जन्माची गोष्ट. पायलीश्वर आला. मापाडी आले. शिंक आली. कोणी हसलं नाही, कारण विहारात हसायचं कसं?

"आमी सगळ्या बोधिसत्त्वाची वाट पाहून राहिलो होतो," आई म्हणाली. "आता येते, मंग येते. कोनी म्हने पायलीवाला तोच असन. कोनी म्हने नाही, तो लबाड दिसते, ती ओली बाई असन."

मंगळवारी ओलाई. वाचन ऐन रंगात आलं आणि बाबा येऊन दाराशी उभे राहिले. ऐकलं. त्यांना लगेच कळलं, आई म्हणते. चेहऱ्यावरून कळलं तिला. पण त्यांनी थांबवलं नाही. विमलाबाई बोट ठेवून ठेवून वाचत होत्या, घाम फुटलेला, न अडखळता पहिल्यांदाच चार पानं. पूर्ण होईपर्यंत बाबा दाराशीच. शेवटी रीतीप्रमाणे सगळ्यांनी तीनदा 'साधू' म्हटलं. ओलाईला! मग बाबांनी वही घेतली, विमलाबाईंना म्हणाले, "चांगलं वाचलं, बाई. पुढल्या आठवड्यात दुसरी वही येईन."

आणि मागून कोणीतरी विचारलं, "मंग पुढं काय झालं त्या धानाचं?"

"मग बाबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. घरी आनली. चार दिवसांपासून वाचून राहिले. अक्षर अक्षर लावून. मले नाही सांगत काही."

चार दिवस! म्हणजे अकराही देव झाले असणार.

१२ ऑगस्ट, तुमसर

सकाळी बाबा अंगणात वही मांडीवर घेऊन बसलेले. मी चहा नेला. त्यांनी कप घेतला. मी कपाकडेच बघत उभी. खाली ठेवतात की काय.

घोट घेतला. म्हणाले, "हे चुकलं तुहं."

मी वाकून वहीत पाहिलं, त्यांचं बोट पायलीश्वरावर होतं.

"पायलीनं मापलं तं ओला काय न् सुका काय, भरते सारखाच. ओल्याचा फरक पडते काट्यावर. वजनात. तीस वर्षं पोती तोलून राहिलो मी. त्या तुह्या देवाच्या हातात पायली देऊ नको, काटा दे. मंग त्याचं भांडन त्या बाईसंग बरोबर लागते."

मी तिथेच मटकन बसले. रडले की हसले, मला आता आठवत नाही. दोन्ही झालं असावं. बाबा म्हणाले, "काहून रडून राहिली? दुरुस्त होते ते."

मग मी विचारलंच. "बाबा, राग नाही आला? इतके देव…"

"आला ना. पहिल्या दिवशी चुलीतच घालाले गेल्तो. मंग वाटलं, पाहू तं खरं, पोरगी कोनाच्या पाया पडते का यायच्या. पुरी वही वाचली. कुठंच नाही पडत. हे देव तुले नाचवत नाहीत, तूच त्यायले नाचवून राहिली. मंग नाचू दे."

हे बाबा! मी यांना बारा वर्षं कॅलेंडरवरून ओळखत होते.

वही परत देताना म्हणाले, "एक सांग. इतके पंथ केले तुनं. देव सोडनारे कोनी नाहीत का तुह्या देशात? आमच्यासारखे?"

अकरा देव सुचले, त्यांना सोडणारा एक माणूस सुचला नाही. यादोरावांची मुलगी मी.

१३ ऑगस्ट, आंधळगाव

झोपले. आठ दिवसांनी. कुंताबाईंनी दोनदा येऊन पाहिलं, श्वास चालू आहे ना म्हणून.

२६ ऑगस्ट

नवा पंथ लिहितेय. बाराव्या देवाचा नाही, कोणत्याच देवाचा नाही. नाव — रिकामहाते.

सामान तयारच होतं. दर चौदा ऑक्टोबरला विहारात कोणीतरी ते सांगतंच. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, घरातले सगळे देव पाटीत घातले, पाटी डोक्यावर घेतली, वैनगंगेच्या डोहात रिकामी केली आणि मागे वळून न पाहता घरी आले. वस्तीतल्या बाकीच्यांनी महिनाभर वाट पाहिली, यादोरावाचं काही वाकडं होतं का. नाही झालं. मग एकेकाच्या पाट्या निघाल्या.

बाबा स्वतः हे कधी सांगत नाहीत. सांगणारे सांगतात, ते सतरंजीचे दोर बघत बसतात. मला वाटायचं, मोठेपणा नको म्हणून.

रिकामहात्यांचा नियम एकच — नदीवरून परतताना हात हलवत यायचं. पंचवीस पानं झाली. पायलीश्वराला काटासुद्धा दिला. त्याच्या हातात तो शोभतोही.

१६ सप्टेंबर, तुमसर

नवीन भाग बाबांना दिला. म्हणाले, "ठेव. सवडीनं वाचतो." हातात पेन्सिल होती. काट्याच्या चुका शोधणार, दुसरं काय! मी मजेत आहे. या वर्षी इतकी मजेत मी कधीच नव्हते.

विमलाबाई भेटल्या. आता छापलेलं वाचतात. कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरी, ती ओली बाई शेवटी जितते का नाही?"

३० सप्टेंबर

बाबांनी अजून वही दिली नाही. पंचवीस पानं, दोन आठवडे. विचारलं तर म्हणाले, "पाहून राहिलो."

६ ऑक्टोबर, तुमसर

वही उशाशी ठेवलेली मिळाली. बाबा कामावर गेलेले. पंचवीस पानांत खोडलेली ओळ एकच — 'त्याने मागे वळून पाहिले नाही.' शेजारी समासात पेन्सिलनं, विटेसारख्या अक्षरात:

"हे चुकलं. तिसऱ्या दिवशी मी परत गेल्तो. पोरीले ताप होता, उतरत नव्हता. डोहात दुपारपर्यंत बुड्या मारल्या. एक बी देव नाही सापडला. घरी आलो तं ताप उतरला होता. बरं झालं नाही सापडले. कोनाले सांगितलं नाही, तुह्या मायले बी नाही. तू लिव."

छप्पन साली आमच्या घरात पोर एकच होती.