वारा तोंडावर घे

अ‍ॅशबर्न,
ता. ६ नोव्हेंबर

चि. हर्षिता हिला आजीचे आशीर्वाद.

गुडघे सोडून माझं सगळं चालतं. थंडी पडली. आजीला ऐकू येत नाही, असं तुझ्या भावानं, आयुषनं, तुला कळवलं म्हणे. त्या कानाचं पुढे लिहिते. फोन करत नाही, कारण केला की तुझा बाप शेजारी येऊन बसतो.

यंदा पुन्हा शिकारीला जाणार ना? मग नीट जा. मागल्या साली हरिणीच्या पोटात गोळी घातलीस आणि रडत रडत तिला शोधत फिरलीस. तुझ्या रडण्यानं तिचं दुखणं कमी झालं नाही.

माझा प्रल्हाददादा अर्जुनीच्या जंगलात साहेब लोकांच्या शिकारीत झाडी बडवून जनावर उठवायला जायचा. तेव्हा शिकारबंदीचा कायदा नव्हता. बंदूक त्यानं कधी धरली नाही, पण हरीण त्याला कळायचं. त्याचं पहिलं सांगणं, वारा तोंडावर घे. पाठीवर घेतलास तर तू दिसायच्या आधी तुझा वास जातो. डोक्याला तेल नको, सेंट नको. तुझा तो व्हॅनिलाचा साबण तर नकोच. हरीण काय, मीसुद्धा पळते.

मचाणावर चढलीस की आधी कमरेचा पट्टा झाडाला बांध, मग बंदूक दोरीनं वर ओढ, रिकामी. केशरी जाकीट घाल. रंग मला आवडत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला तू हरीण वाटायला नकोस.

हरणानं पाय आपटला तर त्याला संशय आलाय समज. हलू नकोस. पळत्यावर गोळी घालायची नाही. आडवं उभं राहू दे, पुढच्या पायाच्या जरा मागे धर, तिथं हृदय आणि फुप्फुसं. तसं मिळत नसेल तर रिकाम्या हातानं परत फिर. लागली तरी लगेच धावू नकोस, अर्धा तास बस, नाहीतर मरतं जनावर उठून पळतं. पोट फाडताना सुरी वरवर चालव. आतडं फुटलं की मटण गेलं. पांढरी चरबी सगळी काढ, टाळूला मेणासारखी चिकटते.

आणि एक मांडी माझ्यासाठी आण. हो, याच घरात. मागल्या साली तू आणलेली मांडी तुझ्या बापानं काळ्या पिशवीत घालून कचऱ्यात टाकली, आणि तेव्हापासून तू इथली पायरी चढली नाहीस. "प्राणिहत्या चालत नाही, पंचशील आहे आपलं," म्हणाला. पंचशील मलाही येतं. पण दर रविवारी खिडक्या लावून, मेणबत्त्या पेटवून चिकन खातो, ती कोंबडी काय म्हातारपणानं मेली?

त्याला भीती आहे ती वासाची. इथल्या मराठी मंडळाच्या लोकांपुढे आपण व्हेज आहोत ना!

आता कानाचं. दसऱ्याला मंडळाच्या पद्मिनीबाई जेवायला आल्या. म्हणाल्या, "आजी, तुमचं मूळ आडनाव काय हो? हे राकेश लहू म्हणजे काही कळत नाही." तुझ्या आजोबांच्या नावाचंच आडनाव केलंय तुझ्या बापानं. मी तोंड उघडते तोच तो म्हणाला, "आईला ऐकू येत नाही हो." बाई माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "भाजी छान झालीय!" मी मान हलवली. तेव्हापासून मी बहिरी.

खरं आडनाव कळल्यावर त्याला ऑफिसात काय काय ऐकावं लागलं ते मला माहीत आहे, म्हणून गप्प बसले. आता बसणार नाही.

थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी तीच मंडळी परत येणार. तू सकाळीच ये. बापानं दार उघडलं नाही तर गॅरेजचं दार उघडायचा नंबर मला पाठ आहे. खोबरं, खसखस मी भाजून ठेवते. खिडक्या उघड्या राहतील. पद्मिनीबाई पुन्हा विचारणारच, त्यांना राहवत नाही. मला ऐकू येणार आहे.

हरीण नाही मिळालं तरी ये.

जय भीम.

तुझी आजी,
कमला लहू गजभिये