वडिलांच्या डाव्या हाताची जागा

ज्याच्या कृपेने श्वास आत येतो आणि ज्याच्या आज्ञेने एके दिवशी बाहेर गेलेला श्वास परत फिरत नाही, त्या शिवाला प्रथम वंदन. ज्या गुरूंनी बालपणी माझ्या गळ्यात इष्टलिंग बांधले आणि ज्यांनी दिलेले भस्म माझ्या कपाळावर पोलिसी टोपीखालीही टिकले, त्यांना वंदन. जंगमांना व शरण संतांना वंदन. या सर्वांच्या कृपेची सावली या कागदावर असो, म्हणजे माझ्या हातून कडू थोडे आणि खरे पुष्कळ लिहिले जाईल. आता विषयाकडे येतो.

मी, गुरुपादाप्पा मल्लाप्पा हत्तरकी, वय वर्षे एकोणसत्तर, सेवानिवृत्त जिल्हा पोलीस अधीक्षक, राहणार कळंबा रस्ता, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. दडपण कशाला म्हणतात हे मी नोकरीत दोन्ही बाजूंनी पाहिलेले असल्यामुळे माझ्या या विधानास वजन आहे. शेजारचे डॉ. प्रसेनजीत शिंगे यांनी मला तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. गुडघ्यांविषयी मात्र त्यांनी मौन पाळले आहे.

फौजदार म्हणून नोकरीस लागलो तेव्हा कमरेचा पट्टा सैल पडत असे. अधीक्षक झालो तेव्हा त्याला भोके पाडण्यास जागा उरली नव्हती. अर्धा महाराष्ट्र बदल्यांत पाहून झाला. निवृत्ती जवळ आली तेव्हा, १९९४ साली, शासनाने दया दाखवून मला माझ्याच जिल्ह्यात आणले. ती दया होती की परीक्षा, हे वाचणाऱ्याने पाचवे कलम वाचून ठरवावे.

कलम १. देहाविषयी. आम्हा लिंगायतांत देह जाळीत नाहीत. त्याला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि मातीच्या स्वाधीन करतात. गडहिंग्लज तालुक्यातील मौजे हळ्ळीवाड येथे आमच्या रानाच्या कोपऱ्यात माझे आजोबा, वडील आणि आई, म्हणजे आमची अव्वा, असे एकापुढे एक ओळीने बसलेले आहेत. वडिलांच्या डाव्या हाताला मला बसवावे, एवढीच या मृत्युपत्रातील माझी स्वतःसाठीची मागणी आहे. अडचण अशी की वाटणीत ते रान सर्वस्वी माझे थोरले बंधू बसलिंगाप्पा यांच्याकडे गेले आणि मी शहरातील घर घेतले. रान अण्णांचे, आणि अण्णा माझ्याशी बारा वर्षे बोलत नाहीत. त्यांची परवानगी नसेल तर मला शहरातल्या सार्वजनिक दफनभूमीत जावे लागेल. तेथे शेजारी कोण येईल याचा भरवसा नाही. मी पकडलेली काही मंडळी तेथे आधीच पोचली आहेत आणि ती वरिष्ठ ठरतील.

दुसरी अडचण गुडघ्यांची. ते आता दुमडत नाहीत. जिवंतपणी जी मांडी जमत नाही ती मेल्यावर घालून दाखवण्याची हमी मी देऊ शकत नाही.

कलम २. राहते घर पत्नी सौ. दानम्मा हिला पूर्ण मालकी हक्काने द्यावे. चिरंजीव सोमेश पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि घर पाडून सदनिका बांधाव्यात असे त्याचे म्हणणे आहे. त्याने आईकडे अर्ज करावा. माझा अनुभव असा की तिच्याकडे अर्ज निकाली निघत नाही, अर्जदार निघतो. घरापुढच्या बाकाला कोणी हात लावू नये. हे घर तुरुंगाच्या रस्त्यावर असल्याने मी आत पाठवलेली माणसे सुटली की पहिला चहा माझ्याकडे घेऊन मग एस.टी. पकडतात. काम हीच पूजा असे आमच्या शरणांनी शिकवले. त्या पूजेत त्यांनाही पकडले जावे लागले, म्हणून चहा हा त्यांचा प्रसाद आहे. तो पुढेही चालू राहावा.

कलम ३. बँकेतील शिल्लक सोमेश आणि कन्या शिवांजली यांनी निम्मी निम्मी घ्यावी. सोमेशने ‘मी मुलगा’ आणि शिवांजलीने ‘मी वकील’ असे म्हणू नये.

कलम ४. किरकोळ वस्तू व जुने हिशेब.

धर्मग्रंथ हळ्ळीवाडच्या मठास द्यावेत. समासात पेन्सिलीने जेथे मी टीकाकारांशी भांडलो आहे ती पाने फाडू नयेत. दोन ठिकाणी मी बरोबर आहे.

निरोप समारंभात प्रत्येक ठाण्याने मला भिंतीवरचे घड्याळ दिले. कोणत्याही दोघांचे एकमत नाही. ज्याचे त्याला परत करावे, म्हणजे ती ठाणी गुन्ह्याच्या जागी इतक्या उशिरा का पोचतात याचा तपास तरी लागेल.

माझी शिट्टी दानम्माची. मला जेवायला बोलावण्यासाठी तिने ती निवृत्तीच्या दिवशीच ताब्यात घेतली आहे.

पोलीस मुख्यालयातील एक आचारी, नाव लिहीत नाही, त्याला मी क्षमा करतो. पांढऱ्या रश्श्यातून मटणाचे तुकडे काढून घेतले की रस्सा शाकाहारी होतो, अशी त्याची श्रद्धा होती. "साहेबांसाठी वेगळं केलंय की," असे म्हणून त्याने ते माझ्यापुढे ठेवले. मी वासावरून थांबलो. माझ्या संपूर्ण सेवेत वेळेवर झालेला तो सर्वांत महत्त्वाचा तपास होय.

रोज पहाटे आमच्या कुंपणातून बेलाची पाने नेणाऱ्या इसमास मात्र क्षमा नाही. पाने शिवालाच वाहिली जात असतील, पण पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होते हा प्रश्न उरतोच.

कलम ५. थोरल्या बंधूंशी असलेल्या वादाची हकीकत.

१९९५ सालच्या हळ्ळीवाडच्या यात्रेत, भर दुपारी, गुऱ्हाळाच्या मागे तीन पानी जुगार चालल्याची खबर मिळाली. दुसऱ्या कोणाला पाठवले असते तर ‘साहेबांचे गाव’ म्हणून तो छापा वेशीवर उसाचा रस पिऊन परत आला असता. म्हणून मी स्वतः, साध्या वेशात गेलो. माझ्या तुकडीच्या मागोमाग पोचलो तेव्हा हवालदार ज्ञानू घाटगे पकडलेल्यांची नावे लिहून घेत होता. चुलवाणाच्या आडोशाला मांडी घालून बसलेले एक वयस्कर गृहस्थ त्याला सांगत होते,

"लिवा. बाबासो पाटील. मुक्काम निपाणी. पावणा हाय मी, यात्रेला आलोय."

ज्ञानूने ते लिहिलेही होते. तेवढ्यात मी आत शिरलो आणि समोर अण्णा दिसले. पुढचे माझ्या बुद्धीने केले नाही, पाठीच्या कण्याने केले. पुष्कळ दिवसांनी थोरला भाऊ भेटला की आमच्या घरात जे होते तेच झाले. मी वाकलो, त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणालो, "शरणु, अण्णा."

त्यांच्याही कण्याने तेच केले. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "औक्षवंत हो, तम्मा." आमच्या सीमेकडच्या घरांत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

ज्ञानूने पेन्सिल थांबवून विचारले, "साहेब, मग पाटील खोडू का?"

कायद्याप्रमाणे अटक केली. जीपमध्ये पुढची जागा वडीलधाऱ्यांची, म्हणून आरोपी पुढे बसले आणि जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक मागे, इतर जुगाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून. यात्रेतील बऱ्याच लोकांचा असा समज झाला की अण्णांनीच मला पकडले आहे. दुर्दैवाने दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने तो दूर केला.

दंड भरून न्यायालयाबाहेर पडताना अण्णा सर्वांसमक्ष म्हणाले, "माझ्या रानात तुला बसायला जागा न्हाय, साहेब. कचेरीतल्या खुर्चीवरच बस जा, कायमचा." त्या दिवसापासून मी त्यांचा तम्मा राहिलो नाही. निरोपही ‘साहेबांना सांगा’ असेच येत.

मी जे केले त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे येथे नमूद करतो. जुगार हा जुगार, आणि थोरला भाऊ हा थोरला भाऊ. दोन्ही कर्तव्ये मी एकाच ठिकाणी व एकाच वेळी पार पाडली.

कलम ६. येथवर सकाळी लिहिले होते. पुढील मजकूर त्याच दिवशी दुपारी लिहिला आहे.

काल दानम्माने मला न विचारता हळ्ळीवाडला फोन केला होता. "भावजी, तुमचा भाऊ मरायचा कागद लिहायलाय. साक्षीला या. आला न्हाईसा तर मी तिकडं येऊन दारात बसंन आणि उठायची न्हाय," असे तिचे शब्द होते. त्यामुळे आज बाराच्या सुमारास अण्णा काखेत गुळाची ढेप घेऊन दारात उभे राहिले. मी वाकू लागलो.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मागच्या येळंचं अजून फिटलं न्हाय."

"बसा, अण्णा."

"बसायची जागा तुला पायजे, मला न्हाय." तरी ते बसले. मी त्यांना पहिले कलम वाचून दाखवले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, "देतो जागा. पर ह्या कागदात लिही, यात्रेत गुऱ्हाळामागं बसलिंगाप्पा न्हवता. बाबासो पाटील व्हता, निपाणीचा. येवढं लिहिलंस की रान तुझंच समज."

मी पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. वडिलांच्या शेजारी बसण्याची माझी इच्छा किती आहे ते शिव जाणतो. पण खरे बोलण्याच्या बाबतीत थोरल्या बंधूंना सूट दिल्याचे कोणत्याही शास्त्रात माझ्या वाचनात आलेले नाही.

"अण्णा, हा माझा शेवटचा कागद. यात खोटं कसं लिहू?"

"मग खऱ्याच्या रानात बस जा. कुठं हाय ते बघ."

ते उठले. दानम्मा आतून म्हणाली, "भावजी, चहा टाकलाय." ते म्हणाले, "नगं." उंबऱ्याबाहेर जाऊन त्यांनी एक चप्पल घातली. दुसरी घातली नाही. माझ्याकडे पाठ करून ते तसेच उभे राहिले.

"अटकेचं मला कायबी न्हाय," ते म्हणाले. "पाया पडलास त्येचंबी न्हाय. तुझी रीत ती. पर तवा माझ्या हातात तीन एक्के व्हते."

त्यांनी पायातली चप्पल उंबऱ्याला घासली आणि पुढे बोलू लागले.

"जन्मात एकदा आलते. गावात सांगितलं की हसत्यात. म्हणत्यात, पोलीस आल्यावर सगळ्यांच्याच हातात एक्के असत्यात. तुझी वैनीबी हसायची. हसत हसतच गेली ती. एकदा तरी म्हणायची, व्हते म्हणून."

"होते, अण्णा."

"माझं मन राखू नगंस."

"मी वाकलो तेव्हा तुम्ही पत्ते मांडीखाली सारले. माझं डोकं तुमच्या पायावर होतं, डोळे उघडे होते. इस्पिक, बदाम आणि किलवर. चौकटचा नव्हता."

अण्णा वळले. "चौकटचा न्हवता," ते हळूच म्हणाले. मग एकदम आवाज चढला. "आणि बारा वर्सं गप बसलास व्हय रं?"

"तुम्ही बोलतच नव्हता. विचारणार कोण?"

त्यांनी घातलेली चप्पल काढली, आत आले आणि माझ्या शेजारी बसले. "लिही, तम्मा," ते म्हणाले. "हे लिही." दानम्माने न विचारता चहा आणला. तो त्यांनी घेतला.

कलम ७. हातपाय धुऊन, कपाळी भस्म लावून, इष्टलिंगाला साक्षी ठेवून मी प्रतिज्ञेवर लिहितो की १९९५ सालच्या यात्रेत हळ्ळीवाड येथील गुऱ्हाळामागे श्री. बसलिंगाप्पा मल्लाप्पा हत्तरकी हे जुगार खेळताना स्वतः हजर होते, आणि त्यांच्या हातात खरोखरच तीन एक्के होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पुढे मुद्देमाल एकत्र करताना पत्ते मिसळले गेले, म्हणून पंचनाम्यात याची नोंद नाही. ती येथे करीत आहे. जुगार हा गुन्हा होता व आहे. परंतु छापा पडला नसता तर तो डाव अण्णांचाच होता, याविषयी ज्यांना शंका असेल त्या हळ्ळीवाडकरांसाठी हे एक कलम मोठ्या अक्षरात उतरवून चावडीवर लावण्यास माझी हरकत नाही.

कलम ८. रानाचे मालक श्री. बसलिंगाप्पा यांनी माझ्या समक्ष व दानम्माच्या समक्ष दिलेला शब्द त्यांच्याच भाषेत लिहून ठेवतो: "आप्पांच्या डाव्या हाताला तू. उजव्या हाताला मी. पयला कोण बसतोय ते त्यो वरचा बघंल." गुडघ्यांची अडचण सांगितली असता ते म्हणाले, "खड्डा मोठा काढू. पाय लांब करून बसलास म्हणून शिव काय हाकलून देत न्हाय." दानम्माने विचारले, "आणि मी कुठं?" तिला सांगण्यात आले की रान मोठे आहे आणि तिने घाई करू नये. त्यावर तिने माझ्या डाव्या हाताची जागा मागून घेतली. ती मान्य झाली. पोलीस बँड आणू नये, यावर सर्वांचे एकमत आहे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शिवांजलीने करावी. कायदा तिला कळतो आणि तिच्या आईचे ऐकावे लागते हेही कळते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, समाधानाने सही करीत आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २००७, सोमवार
(सही) गुरुपादाप्पा मल्लाप्पा हत्तरकी

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने सही केली, म्हणून साक्षीदार:

१. (सही) डॉ. प्रसेनजीत शिंगे, कळंबा रस्ता, कोल्हापूर. लिहून देणारे पूर्ण शुद्धीत आहेत.

२. (सही) बसलिंगाप्पा मल्लाप्पा हत्तरकी, मौजे हळ्ळीवाड. कलम सातवे दोनदा वाचून घेतले. जागा दिली.

हा कागद जो कोणी वाचील, तो घरचा असो, कचेरीतला असो वा केवळ चौकस असो, त्याला शिव दीर्घ आयुष्य देवो, त्याचे खरे कोणीतरी वेळेवर ऐकून घेवो, आणि शेवटी आपल्या माणसांच्या ओळीत त्याला बसायला जागा मिळो.