परतीची सहा मिनिटं

३ मार्च

आज अकरा! अकरा स्कोपी उरकून जेवणाच्या सुट्टीआधी मी हात धुऊन मोकळी. शेजारच्या खोलीत निवांतराव अजून चौथ्याच पेशंटवर. निवांतराव म्हणजे आमचे ज्येष्ठ डॉक्टर – हे टोपणनाव मीच ठेवलंय त्यांना. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, तुमचा हात म्हणजे यंत्र!" आता खरं आहे तर नाही कशाला म्हणा? मोठ्या आतड्याच्या पार टोकाला दुर्बीण न्यायला मला चार मिनिटं पुरतात.

५ मार्च

दादाचा फोन. जिना चढताना धाप लागते म्हणे. हिमोग्लोबिन आठ! म्हटलं, लोहाच्या गोळ्या घे, खाण्याची आबाळ करतोस. वहिनी मागून ओरडली, "आतून कुठे रक्त जात असेल तर?" अगं, तीन वर्षांपूर्वी मीच केली ना त्याची स्कोपी! आतडं लख्ख होतं.

९ मार्च

वहिनीनं कमालच केली! मला न विचारता दादाचं नाव निवांतरावांकडे लावून मोकळी. "ताई, रागावू नका, पण घरच्यानं घरच्याला तपासू नये." रागावू नको तर काय आरती ओवाळू? अख्ख्या विभागात माझं हसं.

१० मार्च

उद्याच्या तपासणीसाठी दादा जुलाबाचं औषध पिऊन संडासात ठाण मांडून आहे. "तुझ्या धंद्याला साष्टांग नमस्कार," म्हणाला दाराआडून.

११ मार्च

मी खोलीतच उभी होते. निवांतरावांना टोकाला पोचायलाच बारा मिनिटं. जांभई दाबली.

मग ते परत फिरले. दुर्बीण बाहेर घेताना एकेक घडी बाजूला सारून, पाण्यानं धुऊन, पुन्हा मागे जाऊन बघत. उजव्या बाजूला एका घडीमागे चपटी गाठ – अंगठ्याच्या पेराएवढी, वरून रक्त झिरपतंय. मी पडद्याजवळ सरकले. त्यांनी खाली औषध टोचून ती फुगवली, तारेचा फास टाकला आणि अलगद कापून काढली. काम सुरेख, मानलं!

पण ही नवीनच असणार. तीन वर्षांत उगवली असेल.

१८ मार्च

रिपोर्ट आला. कॅन्सरची सुरुवात होती – पण वरवरच, कापलेल्या कडा साफ. दादा सुटला! वहिनी फोनवर ढसाढसा रडली. आणि दादा जगाला सांगत सुटलाय, "बहीण डॉक्टर आहे म्हणून वाचलो." मी विषय बदलला.

१९ मार्च

दादाच्या स्कोपीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. गाठ आहे. तेव्हा लहान होती. पडद्यावर दोन सेकंद दिसते, आणि मी पुढे निघून जाते.

बघायचं असतं ते परत येताना. निदान सहा मिनिटं घ्यायची, हे शिकाऊ डॉक्टरांना मीच घोकायला लावते. दादाच्या वेळी मी घेतली दोन मिनिटं चाळीस सेकंद. घाई कसली होती? कसलीच नाही. मिरवायचं होतं.

संध्याकाळी दादाकडे जाऊन सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "माझं निभावलं गं. बाकीच्यांचं काय?"

२० मार्च

परतीला सहा मिनिटंही न दिलेल्या माझ्या सगळ्या पेशंटची यादी काढली. तीनशे चौदा नावं. सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या, "मॅडम, बाहेर कळलं तर?" पहिला फोन मीच लावला. "नमस्कार. तुमची तपासणी मी केली होती. ती पुन्हा करायला हवी – चूक माझी आहे."