सात नंबरचं इंजिन

परभणी,
४ जानेवारी २०२४

ती. सिद्धोधनदादांस सा. जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, त्या निमित्तानं माझी लेखणी तरी चालते. खाणीच्या वर्धापनदिनाला तुमचं सात नंबरचं इंजिन पुन्हा वाफेवर काढणार आणि चालवणार तुम्हीच, हे वाचून लय बरं वाटलं. कोळसा ओढायला आणलेली ही सात भावंडं, पाण्याच्या टाक्या अंगावरच घेऊन फिरणारी. सहा कापली, हे एक राहिलं. राजेश्री म्हणते, मोठे भाऊजी आता नवरदेवासारखे मिरवणार.

बॉयलर तपासायला खाणीच्या साहेबांनी मलाच बोलावलंय. तुमच्या शेडमध्ये हातोडी धरायला शिकलो, त्यावर आज जिनिंगवाल्यांचे बॉयलर नुसत्या ठोक्यावर पारखतो. बॉयलरचे आतबाहेरचे पत्रे बांधून धरणारा बोल्ट खणखणला तर धड, बद्द वाजला तर तुटका. नातीला इंजिनात बसवणार असाल तर साक्षीला जुना फ्रॉक घालायला सांगा.

लोभ आहेच, सगळा इंजिनाला देऊ नका.

सिताराम

खाण वसाहत,
२६ फेब्रुवारी २०२४

चि. सितारामास अ. उ. आशीर्वाद.

काल इंजिन कापलं. निम्मे बोल्ट तुटके हायत असा तुझा दाखला, म्हणून साहेबांनी भंगारात काढलं. बॉयलर उघडा पडला तवा मी आत वाकून बघितलं. एकूण एक बोल्ट साबूत.

चूक माझीबी हाय. गळतंय का बघावं म्हणून तू तपासायला यायच्या आदल्या दिवशी मीच बॉयलर पाण्यानं भरला होता. आत पाणी असलं की चांगला बोल्टबी बद्द वाजतो, हे तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तू ठोकायला लागलास तवा तारेच्या कुंपणापलीकडून दोनदा हाक मारली, शित्या, आधी पाणी काढ म्हणून. शिपायानं मागं लोटलं. तू वळून बघितलंस, पण गर्दीत ऐकू गेलं नसंल.

साहेबांकडं चार खेपा घातल्या. म्हणले, तुमच्या भावाचाच दाखला हाय, त्यानं बदलून द्यावा. तुला दोन पत्रं टाकली, टपालात हरवली असतील. साक्षीनं फोन केला तर राजेश्री म्हणली, तू गावाला गेलास.

तब्येतीला जप.

सिद्धोधन

परभणी,
४ मार्च २०२४

ती. दादांस सा. जयभीम, वि. वि.

ऐकू गेलं होतं. पहिल्याच हाकेला. साहेब लोक मला इंजिनिअरसाहेब म्हणायलेत आणि तारेपलीकडून कुणीतरी शित्या म्हणतंय. मी साहेबांकडं वळलो.

दोन्ही पत्रंही पोचली. दाखला बदलला असता तर झरीपासून वालूरपर्यंत बोभाटा झाला असता, सितारामाचा ठोका चुकतो म्हणून. जुनंच तर इंजिन आहे, अशी मनाची समजूत घातली. गावाला गेलाय असं सांगायला राजेश्रीला मीच लावलं.

गर्दी आणि टपाल, दोन्ही सबबी तुम्हीच लिहून पाठवल्यात. त्याच धरून उत्तर लिहिलं होतं, चांगलं दीड पान. पाकिटात घातलं, पत्ता घातला. मग फाडलं.

लोभाचं तुम्ही ठरवा.

सिताराम