खिंडीतला पाहुणा

तीर्थस्वरूप रोरीदादास,

धाकट्या एफीचा नमस्कार. वाकून करणार होते, पण गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच गोड मानून घे. ग्लासगोच्या हवेत तुझा खोकला कसा आहे? इथे सगळे खुशाल आहेत (म्हणजे जे उरलेत ते).

पत्रास कारण की, शनिवारी डोंगरावरची मेंढरं खाली आणायची होती. वाडीतले सगळे रांग धरून चढले, पण वरच्या खिंडीत उभं राहायला माणूस नव्हता. तिथे आधी बाबा असायचे, मग तू. खिंड मोकळी राहिली की मेंढरं पलीकडच्या कड्यांवर जातात, हे तुला मी काय सांगावं? आपल्याकडे सध्या पेम्बर्टन म्हणून एक पाहुणे उतरलेत. देखावे बघायला आणि डोंगर चढायला आलेत. (आठवडाभर धुकंच होतं. त्यांनी धुक्याचीही तारीफ केली.) म्हटलं, खिंडीतून समुद्र छान दिसतो, तिथे तेवढे उभे राहा. बिचारे हरखून गेले. काय करायचं ते मी सांगितलं नाही. खिंडीत उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्यात कुणी कुणाला सांगत नाही.

मेंढरं आली. पाहुण्यांनी टोपी काढली, बाजूला झाले आणि अख्ख्या कळपाला अदबीने वाट करून दिली. खाली आल्यावर म्हणतात, "तुमच्या फाटकावरच पाटी आहे ना, जनावरांना बिथरवू नका म्हणून?" शेजारचा ॲलेस्टर लालबुंद झाला. मला एवढंच म्हणाला, "एफी, उद्या रविवार, देवाचा वार आहे, म्हणून आज तोंड उघडत नाही."

सोमवारी उघडलं. "बाई, खिंडीला माणूस नसेल तर तुझी मेंढरं विकून टाक. दर वेळी सगळ्या वाडीने का पळायचं?" त्याचं चुकलं नाही. पण दादा, ही मेंढरं आपापल्या आईमागून चालत तो डोंगर शिकलीत. ती गेली की नवी आणली तरी तिथे टिकत नाहीत, आणि मग वर आपलं म्हणून काही उरणार नाही. मला ते सोसणार नाही.

असो. तू तिकडे सुखात राहा. तुझ्यामागे लकडा लावायला हे पत्र नाही.

तुझी,
एफी

ता. क. येत्या शनिवारी पुन्हा चढायचं आहे. तू शुक्रवारच्या बोटीने येतोयस, असं मी ॲलेस्टरला सांगून टाकलंय. गादीला ऊन दाखवलं (जेवढं होतं तेवढं).

आणखी ता. क. नाही जमलं तरी अडणार नाही. पाहुण्यांनी मुक्काम वाढवलाय. रोज सकाळी परसात हात पसरून कोंबड्या अडवायचा सराव करतात. कोंबड्या त्यांच्या पायांमधून जातात. काल बाबांची काठी मागत होते. मी म्हटलं, तिचा माणूस शुक्रवारी येतोय.